घोडं नेमकं कुठे अडतं: वीज कंपन्यांच्या सामानाच्या बातम्या कशा वाचायच्या

वीज कंपन्यांना लागणाऱ्या सामानाच्या बातम्या म्हणजे कंटाळ्याचा कळस, असं माझंही मत होतं. अमक्याला चारशे केव्हीच्या (म्हणजे चार लाख व्होल्टच्या) ट्रान्सफॉर्मरची ऑर्डर मिळाली, तमक्याने बुशिंगचा कारखाना वाढवायला घेतला, कुणी स्विचगिअरमधला (म्हणजे वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या मोठ्या स्विचमधला) गॅस बदलतोय. कोण वाचणार हे? पण त्यातला एक शब्द डोक्यात बसला की या बातम्या एकदम बोलायला लागतात, आणि तो शब्द आहे लीड टाइम. म्हणजे आज ऑर्डर दिली तर माल कधी मिळणार.

२०२० च्या आधी खांबावरचा छोटा ट्रान्सफॉर्मर मागवला की काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत यायचा. मग कोविड आला, कारखाने बंद पडले, जहाजं अडकली, आणि नंतर सगळं सुरू झालं तेव्हा मागणी अशी काही उसळली की रांग जी लांबली ती लांबलीच. आयईए, म्हणजे आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था, तिने फेब्रुवारी २०२५ मध्ये याच विषयावर एक रिपोर्ट काढला, त्यात म्हटलंय की केबल हातात पडायला २ ते ३ वर्षं लागतायत आणि मोठ्या पॉवर ट्रान्सफॉर्मरला ४ वर्षांपर्यंत, २०२१ च्या तुलनेत जवळपास दुप्पट. आता सोलर प्लांट वर्ष-दीड वर्षात उभा राहतो, डेटा सेंटरही दोनेक वर्षांत होतं, आणि त्यांना ग्रिडशी जोडणारा लोखंडाचा डबा मात्र चौथ्या वर्षी येणार. म्हणजे वरात दारात आणि नवरदेवाचा पत्ता नाही.

तर प्रश्न असा, की वाढवा ना मग कारखाने, त्यात काय एवढं? बहुतेक बातम्याही तशाच लिहिलेल्या असतात, "नवा कारखाना येतोय, टंचाई संपणार". माझं म्हणणं एवढंच आहे की ट्रान्सफॉर्मरची रांग ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात नसतेच बऱ्याचदा, ती त्याच्या मागे कुठल्यातरी अरुंद बोळात असते. ते बोळ कुठे आहेत हे कळलं की कुठली बातमी खरी मोठी आणि कुठली नुसती फीत कापायची हे आपोआप कळतं.

आधी पत्र्याचं बघू

ट्रान्सफॉर्मर (सरकारी मराठीत रोहित्र, पण तसं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय) हा तसा साधा प्राणी. लोखंडाचा एक कोअर, त्याच्यावर तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची दोन वाइंडिंग (म्हणजे तारेचे वेढे), आणि हे सगळं तेलात बुडवलेलं. एका वाइंडिंगमधून एसी करंट गेला की कोअरमध्ये चुंबकत्व तयार होतं, ते दर क्षणी बदलत असतं, म्हणून दुसऱ्या वाइंडिंगमध्ये व्होल्टेज तयार होतं, आणि दोन्हीकडच्या वेढ्यांच्या प्रमाणात ते कमी किंवा जास्त होतं. बस. १८८५ मध्ये बुडापेस्टच्या गांझ कारखान्यात झिपरनोव्स्की, ब्लाथी आणि डेरी या तिघांनी बंद कोअरचा जो ट्रान्सफॉर्मर बनवला त्याचं तत्त्व आणि आजच्याचं तत्त्व एकच आहे.

मग अडतं कुठे? पहिलं कोअरमध्ये. हे साधं लोखंड नाही. याला ग्रेन ओरिएंटेड इलेक्ट्रिकल स्टील म्हणतात, धंद्यातली माणसं नुसतं "गोज" म्हणतात. पोलादात ३ टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन घालतात, आणि मग लाटून, तापवून, परत लाटून, परत तापवून त्यातले सगळे स्फटिक एकाच दिशेला वळवतात, विंचरलेल्या केसांसारखे. ही युक्ती नॉर्मन गॉस नावाच्या अमेरिकन धातुतज्ज्ञाने १९३४ मध्ये पेटंट केली. स्फटिक एका दिशेला असले की चुंबकत्व त्या दिशेने अलगद फिरतं आणि वीज वाया कमी जाते. पत्रा किती पातळ, तर ०.२३ ते ०.३५ मिलिमीटर, आणि प्रत्येक पत्र्यावर इन्सुलेशनचा थर, असे शेकडो हजारो पत्रे एकावर एक रचायचे तेव्हा कोअर होतो. आणि हे कशासाठी एवढं करायचं, तर ट्रान्सफॉर्मर रात्री-बेरात्री, कुणी वीज वापरो न वापरो, चोवीस तास चालू असतो आणि कोअर तेवढा वेळ थोडी थोडी वीज खात असतो. एका डब्याचं खाणं किरकोळ, पण कोट्यवधी डब्यांचं मिळून मोठमोठी वीज केंद्रं त्यातच खर्ची पडतात.

हा पत्रा चांगल्या प्रतीचा बनवणाऱ्या गिरण्या जगात मोजक्याच आहेत. अमेरिकेसारख्या देशात हा पत्रा बनवणारी एकच कंपनी, क्लीव्हलँड-क्लिफ्स, तिचा पेनसिल्व्हेनियातल्या बटलरचा कारखाना. त्यात आणखी एक भानगड झाली, ती म्हणजे इलेक्ट्रिक गाड्या. गाडीच्या मोटरलाही इलेक्ट्रिकल स्टीलच लागतं, फक्त ते नॉन-ओरिएंटेड, कारण मोटरमध्ये चुंबकत्व गोल फिरतं त्यामुळे एकाच दिशेचा फायदा नाही. पोलादवाल्याने बघितलं की गाडीवाले मोठी ऑर्डर देतात, तर तो काही लाइन तिकडे वळवणार, त्यात त्याची चूक काय. पण त्याचा फटका बसतो ट्रान्सफॉर्मरला. म्हणून इलेक्ट्रिक गाडीची बातमी ही कधीकधी ट्रान्सफॉर्मरची बातमी असते, हे लक्षात ठेवा.

याला पर्याय नाही असं नाही. अमॉर्फस मेटल नावाचा प्रकार आहे. वितळलेला धातू गरगर फिरणाऱ्या थंड चाकावर ओततात, तो सेकंदाला लाखो अंशांच्या वेगाने गोठतो, इतका पटकन की स्फटिक बनायला सवडच मिळत नाही, काचेसारखी रचना राहते. पट्टी निघते ०.०२५ मिलिमीटरची, म्हणजे गोजच्या साधारण दहाव्या भागाइतकी. कोअरमध्ये वाया जाणारी वीज निम्म्याहून कमी होते. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने जानेवारी २०२३ मध्ये प्रस्ताव मांडला की वितरणाच्या ट्रान्सफॉर्मरची कार्यक्षमता एवढी वाढवा, आणि ती मर्यादा अशी होती की जवळपास सगळ्यांना अमॉर्फसच वापरावं लागलं असतं, तेही २०२७ पासून. वीज कंपन्या म्हणाल्या अहो, आत्ताच ट्रान्सफॉर्मर मिळत नाहीत आणि तुम्ही कारखान्यांना सगळी यंत्रं बदलायला सांगताय. शेवटी एप्रिल २०२४ मध्ये नियम आला तो पातळ होऊन आला, सुमारे ७५ टक्के बाजार गोजवरच राहू शकेल असा, आणि मुदत गेली २०२९ वर. मला दोन्ही बाजू पटतात खरं तर. वीज वाचवायला हवी हे बरोबर, पण टंचाईत नियम बदलणं म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

यंत्राने होत नाही ते काम

पत्रा मिळाला. आता वाइंडिंग. छोट्या ट्रान्सफॉर्मरचं बरंच काम यंत्रावर होतं, पण मोठ्याचं वाइंडिंग आजही माणूस उभा राहून करतो. कागद गुंडाळलेली तांब्याची पट्टी, हळूहळू फिरणारा साचा, आणि कारागीर प्रत्येक वेढा ठोकून बसवतो, मधे मधे प्रेसबोर्डचे तुकडे ठेवतो (प्रेसबोर्ड म्हणजे लाकडाच्या लगद्याचा दाबून केलेला एकदम कडक पुठ्ठा, आणि हो, पाच-सातशे केव्हीच्या यंत्राच्या आत अजूनही कागद आणि पुठ्ठाच असतो, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता). हा हात तयार व्हायला वर्षं लागतात. इमारत पैशाने उभी राहते, मशीन पैशाने येतं, वाइंडिंग करणारी माणसं पैशाने एका रात्रीत येत नाहीत. नव्या कारखान्याच्या बातमीत "इतक्या नोकऱ्या निर्माण होणार" असं असतं ना, ते राजकारणी अभिमानाने सांगतात, पण मी ते उलटं वाचतो: इतकी माणसं आधी शोधायची आहेत.

मग सुकवणं. कागदात ओलावा राहिला तर इन्सुलेशन गेलंच समजा. म्हणून मोठा कोअर-वाइंडिंगचा सांगाडा व्हॅक्यूमच्या भट्टीत घालून, केरोसीनसारख्या द्रवाच्या वाफेने गरम करून, कागदातलं पाणी अक्षरशः ओढून काढतात, आणि मग तेल भरतात. भट्टी एक, सांगाडे दहा, तर नऊ रांगेत. तेच टेस्टिंगचं. कृत्रिम विजेचा लोळ सोडून बघतात की ट्रान्सफॉर्मर टिकतो का. या टेस्टमध्ये नापास झाला तर उघडा, शोधा, दुरुस्त करा, परत सुकवा, परत टेस्ट, काही महिने गेले आणि मागच्या सगळ्यांची तारीख पुढे ढकलली गेली.

बुशिंग आणि टॅप चेंजर

आता येतात ती बारकी बारकी पार्टं, आणि खरं घोडं बऱ्याचदा इथेच पेंड खातं. बुशिंग म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या डोक्यावर शिंगांसारखी उभी असतात ती. लोखंडी टाकी जमिनीला जोडलेली, तिच्यातून लाखो व्होल्टची तार बाहेर काढायची आणि ती टाकीला शिवता कामा नये, हे काम बुशिंगचं. पूर्ण ट्रान्सफॉर्मरच्या मानाने ही गोष्ट लहान. पण लहान म्हणून दुर्लक्ष केलं की काय होतं त्याचं उदाहरण ताजं आहे. २० मार्च २०२५ च्या रात्री पश्चिम लंडनच्या नॉर्थ हाइड सबस्टेशनमध्ये एक ट्रान्सफॉर्मर पेटला आणि दुसऱ्या दिवशी हीथ्रो विमानतळ दिवसभर जवळपास बंद, एक हजारावर विमानांचा खोळंबा. जुलैमध्ये ब्रिटनच्या ग्रिड ऑपरेटरचा, नेसोचा, अंतिम रिपोर्ट आला, त्यात निष्कर्ष असा की बहुधा बुशिंगमध्ये ओलावा शिरला होता आणि त्यातून शॉर्ट झालं. आणि त्याहून वाईट म्हणजे जुलै २०१८ मध्येच तेलाच्या नमुन्यात ओलाव्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं होतं, पण त्यावर काही झालं नाही. सात वर्षं! एक बुशिंग.

टॅप चेंजर हे दुसरं. ट्रान्सफॉर्मरमध्ये हलणारं असं जवळपास काहीच नसतं, पंखे-पंप सोडले तर हा एकच. लोड वाढला की व्होल्टेज पडतं, मग वाइंडिंगचे थोडे वेढे कमी-जास्त करून ते सावरायचं, आणि तेही वीज चालू असताना, एक क्षणही सर्किट न तोडता. हे पटकन उडी मारणारं यंत्र बर्नहार्ड यान्सन याने १९२७ मध्ये पेटंट केलं, आणि जर्मनीतल्या रेगन्सबर्गची राइनहाउसेन ही कंपनी तेव्हापासून यातली दादा आहे. जगभरात कितीतरी वेगवेगळ्या नावांचे ट्रान्सफॉर्मर, आत उघडून बघितलं तर टॅप चेंजर त्याच मोजक्या घरांतले. म्हणून अमक्या देशात ट्रान्सफॉर्मरचे पाच नवे कारखाने ही बातमी वाचली की माझा पहिला प्रश्न असतो, बुशिंग आणि टॅप चेंजर कुठून आणणार आहात? उत्तर "त्याच नेहमीच्या ठिकाणाहून" असेल तर रांग संपलेली नाही, फक्त पुढच्या चौकात सरकलीय.

तरी कारखाने येतायत हे खरं. सीमेन्स एनर्जीने फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या शार्लटला मोठे ट्रान्सफॉर्मर बनवायचं जाहीर केलं, उत्पादन २०२७ ला. हिताची एनर्जीने सप्टेंबर २०२५ मध्ये व्हर्जिनियातल्या साउथ बोस्टनसाठी ४५.७ कोटी डॉलरचा कारखाना जाहीर केला. जाहीर होणं आणि पहिला नग बाहेर पडणं यात तीन-तीन वर्षं आहेत हे बघा. आणि जाहीर झालेलं सगळं होतंच असंही नाही, वर ज्या पोलाद कंपनीचं नाव आलं तिने जुलै २०२४ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या वेर्टनला स्वतःच ट्रान्सफॉर्मर बनवायचं ठरवलं होतं, २०२५ मध्ये तो बेत गुंडाळला. उत्पादक घाबरतात त्यालाही कारण आहे. आज मागणी आहे म्हणून कारखाना घातला आणि चार वर्षांनी मागणी बसली तर? त्यात आजची मागणी सगळी खरी आहे का हेही सांगता येत नाही, कारण रांग लांब दिसली की प्रत्येक खरेदीवाला दोनाच्या ठिकाणी चार मागवून ठेवतो, तीन ठिकाणी नंबर लावतो, मोठ्या कंपन्या तर डिझाइन ठरायच्या आधीच कारखान्यातला स्लॉट बुक करतात. रांग बघून रांग वाढते.

पण मुळात मागणी खरी आहे, यात शंका नको. जुने ट्रान्सफॉर्मर म्हातारे झालेत, वारा आणि ऊन असतं तिथे माणसं नसतात म्हणून लाइन लांब टाकाव्या लागतात, डेटा सेंटर एकेक गावाएवढी वीज मागतायत. आयईएनेच २०२३ मध्ये हिशोब मांडला होता की हवामानाची आणि ऊर्जेची उद्दिष्टं गाठायची तर २०४० पर्यंत ८ कोटी किलोमीटर लाइन नव्याने टाकाव्या किंवा बदलाव्या लागतील, म्हणजे आज जगात आहे तेवढं अख्खं ग्रिड परत एकदा.

स्पेअर ठेवा की मग

सगळ्यांना हेच सुचतं. एक जास्तीचा घेऊन ठेवायचा, तहान लागल्यावर विहीर खणायची कशाला. पण मोठा ट्रान्सफॉर्मर हा शिंप्याकडे मापाने शिवलेल्या कपड्यासारखा असतो, एकाचा दुसऱ्याला येत नाही. व्होल्टेज वेगळं, इंपीडन्स (आतला विजेचा अडथळा) वेगळा, बुशिंगची जागा वेगळी, पाया वेगळा. युक्रेनमध्ये ऑक्टोबर २०२२ पासून सबस्टेशनांवर हल्ले सुरू झाले तेव्हा हे जगाला दिसलं: तिथलं मोठं जाळं ७५० आणि ३३० केव्हीचं, युरोपात बहुतेक ठिकाणी ४०० केव्ही, त्यामुळे द्यायची इच्छा असूनही कितीतरी देशांकडे देण्यासारखं नव्हतं. लिथुआनियाकडे सोव्हिएत काळापासून ३३० केव्हीच होतं म्हणून त्यांना तसले ट्रान्सफॉर्मर पाठवता आले.

अमेरिकेतल्या वीज कंपन्यांनी २००६ पासून एकमेकांना स्पेअर देण्याचा करार केलाय. २०१२ मध्ये तिथल्या गृहसुरक्षा खात्याने वीज कंपन्यांना सोबत घेऊन एक प्रयोगही केला, ट्रान्सफॉर्मर एक मोठा न बनवता तीन छोटे वेगळे फेज बनवले, कुठेही बसतील असे, आणि सेंट लुइसहून ट्रकने ह्यूस्टनजवळ नेऊन आठवड्याच्या आत चालू करून दाखवले. महिन्यांचं काम आठवड्यात. माझ्या मते पुढच्या काळातली सगळ्यात मोठी बातमी नव्या कारखान्याची नसेल, ती असेल चार वीज कंपन्यांनी बसून एकच डिझाइन ठरवल्याची. तिला हेडलाइन मिळणार नाही ती गोष्ट वेगळी.

केबल आणि स्विचगिअरचं थोडक्यात सांगतो, नाहीतर लेख संपायचा नाही. समुद्राखालून जाणाऱ्या जाड केबलवर प्लास्टिकचं इन्सुलेशन चढवताना ते गरम आणि मऊ असतं, केबल आडवी ठेवली तर वजनाने एका बाजूला ओघळतं, म्हणून ती उंच मनोऱ्यातून सरळ खाली सोडत बनवतात. फिनलंडमध्ये पिक्कालाला प्रिस्मियन या केबल कंपनीचा असा मनोरा १८५ मीटर उंच आहे. म्हणून "केबल कंपनीने टॉवर बांधायला घेतला" ही बातमी बिल्डरची नसून लीड टाइमची असते. स्विचगिअरमध्ये एसएफ सिक्स नावाचा गॅस भरतात, ठिणगी विझवायला अप्रतिम, पण हवेत सुटला तर कार्बन डायऑक्साइडच्या चोवीस हजार पटींहून जास्त तापवतो. युरोपियन युनियनने २४ केव्हीपर्यंतच्या नव्या स्विचगिअरमध्ये १ जानेवारी २०२६ पासून तो बंद केला, मोठ्या व्होल्टेजला टप्प्याटप्प्याने २०३२ पर्यंत. काही उत्पादकांनी पर्याय म्हणून थ्रीएम या अमेरिकन कंपनीचा एक फ्लोरिनवाला गॅस निवडला होता, तर डिसेंबर २०२२ मध्ये थ्रीएमनेच सांगितलं की २०२५ अखेर आम्ही असली रसायनं बनवणं सोडतोय. परत तेच, बोळ मागे कुठेतरी.

आणि समजा सगळं जुळलं. पत्रा आला, बुशिंग आलं, टेस्ट पास झाली. तरी दोन-तीनशे टनांचं धूड रस्त्यावरून न्यायचंय. तेल काढून घेतात, टाकीत कोरडी हवा भरतात, धक्के मोजायचं यंत्र लावतात (वाटेत जोरात आदळला तर आतलं काय हललं हे बाहेरून दिसत नाही), पुलांचे परवाने काढतात, चाकांची लांबच लांब माळ लावलेला ट्रेलर रात्रीचा चालतो, तोही माणसाच्या चालीने. साइटवर पोचल्यावर बुशिंग परत बसवा, व्हॅक्यूम लावा, तेल गाळून भरा, काही दिवस मुरू द्या, परत टेस्ट. मग लोड न देता नुसता चालू करून ठेवतात आणि इंजिनिअर जवळ उभे राहून ऐकतात. कोअरचा पत्रा चुंबकत्वाने दर सेकंदाला शंभर वेळा किंचित ताणला-आखडला जातो (साठ हर्ट्झच्या देशात एकशे वीस वेळा), त्याचा एक खालच्या पट्टीतला हुं-हुं आवाज येतो. तो आवाज नीट एकसारखा आला की खरेदी विभागातला माणूस चार वर्षांपूर्वीची ती फाइल बंद करतो.